सुईकाकूंच्या सात कोंबड्या

काखेत कोंबडी घेऊन कोणी गल्लीत शिरलं की ते कुठे निघालंय हे विचारावं लागत नसे. शेवटून तिसऱ्या घराचं फाटक ढकलायचं आणि हाक मारायची, "सुईकाकू आहेत का?" काकू असायच्याच. हॅचरी बंद पडल्यापासून त्या जाणार तरी कुठे?

हॅचरीत त्यांनी सव्वीस वर्षं काढली होती. एका दिवसाची पिल्लं ट्रेमधून समोर यायची. डाव्या हातानं एक उचलायचं, मानेमागची कातडी चिमटीत धरायची, लसीची सुई टोचायची, पलीकडे सोडायचं. तासाला दीड हजार. कोणतं पिल्लू जगणार आणि कोणतं आठवड्यात मान टाकणार, हे त्यांना सुई लागायच्या आत हाताला कळायचं. साहेब लोक हसायचे, पण संध्याकाळी मेलेली पिल्लं मोजताना पुन्हा त्यांनाच बोलावून घ्यायचे. या सुईवरूनच त्यांना सुईकाकू नाव पडलं, आणि खरं नाव रेशनकार्डापुरतं उरलं.

काकूंचा भरवसा माणसाच्या सांगण्यावर कमी आणि बोटांवर जास्त. शिंपीणबाई एकदा कोंबडी घेऊन आल्या आणि दारातूनच सुरू झाल्या, "काकू, हिच्या पाठीवरची पिसंच गेली बघा. शेजारची म्हणते दृष्ट लागली. मी म्हटलं, हिला कोण दृष्ट लावणार, हिचं तोंड बघा!"

काकूंनी कोंबडी उलटी केली. पंखाखाली पाहिलं, शेपटीखालची लव फुंकर मारून बाजूला सारली, उवा आहेत का, लिखा आहेत का बघितलं. छातीच्या हाडावरून बोट फिरवलं. सगळं ठणठणीत. फक्त पाठीवर आणि डोक्यामागे पिसांचे तुटके दांडे राहिलेले.

"कोंबडे किती तुमच्याकडे?"

"दोन."

"आणि कोंबड्या?"

"तीनच."

"मग रोग हिला नाही, तुमच्या त्या दोघा दांडगटांना आहे. एकाला घालवा, आणि हिला महिनाभर वेगळी ठेवा. औषधबिवषध काही नको."

शिंपीणबाई तोंडाला पदर लावून हसल्या. "असला इलाज माणसांतही मिळतो का हो काकू?"

अशी ही काकूंची ओपीडी. कोणाच्या कोंबडीच्या मानेवरची पिसं दुसऱ्या कोंबड्या उपटून खायच्या, कारण जागा अपुरी. कोणाच्या कोंबडीला फक्त शिळा भात घातला जायचा, मग पिसं कोरड्या गवतासारखी मोडायची. कोणी रडवेल्या चेहऱ्यानं यायचं आणि कळायचं की आजार काहीच नाही, वर्षाची पिसं झडतायत, दीड महिन्यात नवी येतील. बऱ्या झालेल्या कोंबडीचं पहिलं अंडं लोक काकूंना आणून द्यायचे. एवढा मान त्यांना हॅचरीत कधी मिळाला नव्हता.

घरात माणसं तीन. काकू, त्यांचे मालक आणि मुलगी.

मालकांना गल्ली बॅटरीवाले म्हणायची. मागच्या अंगणात पत्र्याची शेड होती, तिथे त्यांनी पस्तीस वर्षं गाड्यांच्या जुन्या बॅटऱ्या फोडल्या, आतल्या पाट्या काढल्या, लोखंडी कढईत शिसं वितळवलं आणि नवे जोड ओतले. कष्टाळू माणूस. दारूचा थेंब नाही, वावगा शब्द नाही. चारेक वर्षांपूर्वी त्यांचे हात मनगटातून लोंबायला लागले. कप धरायला जावं तर निसटायचा. पोटात मुरडा यायचा की दोन-दोन दिवस आडवे. डॉक्टर म्हणाले, वय झालं, नसा दमल्या. मग त्यांनी काम थांबवलं.

मुलगी छकुली. एकतीस वर्षांची झाली तरी छकुलीच, कारण तिला दुसऱ्या कोणत्या नावानं हाक मारायची वेळ आलीच नाही. अडीच वर्षांची होईपर्यंत पोपटासारखी बोलायची. मग बोलणं हळूहळू आटलं. पोट दुखतं म्हणून रडायची, चेहरा पांढराफटक, सारखी चिडचिड. शाळेत दोन वर्षं बसवली, मग बाईंनीच हात जोडले. एका तापात मेंदूला इजा झाली असेल, असं तेव्हाचे डॉक्टर म्हणाले. सासूबाई मात्र वेगळंच म्हणाल्या. "कोंबड्यांना दिवसभर विष टोचून येतेस, तेच हाताला लागून पोरीच्या पोटात गेलं." काकूंनी उलट उत्तर दिलं नाही. पण त्या दिवसापासून हॅचरीतून आल्यावर त्या कोपरापर्यंत हात साबणानं घासायच्या, कातडी फुटेपर्यंत, आणि मगच पोरीला उचलायच्या. सासूबाई गेल्या, तरी हात घासणं सुरूच राहिलं.

काकूंच्या स्वतःच्या कोंबड्या सात. त्यांची नावं छकुलीनं ठेवलेली: मोठीबाई, शेपटी, काळी, दुसरी काळी, लंगडी, मास्तरीण आणि एक नुसतीच 'ही'. अंडी गोळा करणं हे छकुलीचं काम. वाटी घेऊन ती सकाळी खुराड्यापाशी जायची, एकेक अंडं गालाला लावून बघायची. दोन अंडी ती स्वतः खायची, एक बाबांना. त्या एका कामात तिची कधी चूक झाली नाही.

पूर्वी कोंबड्या अंगणाच्या अलीकडच्या पट्टीत जाळीत असत. मागच्या वर्षी वादळानं शेडचे पत्रे उडाले आणि उरलेला सांगाडा काकूंनी पाडून घेतला. सगळं अंगण मोकळं झालं. शेडखालची माती भुसभुशीत, राखेसारखी बारीक. कोंबड्या त्यावर तुटून पडल्या. दुपारी सातही जणी तिथे खळगे करून लोळायच्या, पंखांत माती उडवून घ्यायच्या, डोळे मिटून पडायच्या. कोंबडी मातीत लोळते ती अंगावरचे किडे घालवायला. काकू खिडकीतून बघायच्या आणि म्हणायच्या, "चला, यांना तरी माहेर मिळालं."

चार महिन्यांनी पिसं झडायची वेळ आली. झडली. पण परत येईनात.

काकू आधी स्वस्थ होत्या. मोठीबाई म्हातारी झाली, तिला वेळ लागणारच. पण 'ही' तर दीड वर्षाची, तिच्याही मानेवर लाल कातडी तशीच. जे कोंब फुटले ते वाकडे आणि निस्तेज, चोळले की हातात पूड. तुरे फिके पडले. अंडी सातावरून तिनावर आली.

काकूंनी कंबर कसली. संध्याकाळी कोंबड्या दांडीवर बसल्या की त्यांच्याखाली पांढरं फडकं अंथरलं. दांडीच्या फटीत दिवसा लपणारे तांबडे किडे अंधार पडला की बाहेर येतात, फडक्यावर दिसतात. फडकं सकाळी स्वच्छ. मग एकेकीला मांडीवर घेऊन लव विंचरली. ऊ नाही, लीख नाही. जंताचं औषध दिलं, शिटेत जंत पडला नाही. दाण्यात सुकी मासळी, शेंगदाण्याची पेंड, शिंपल्याचा चुरा घातला. पाण्याचं भांडं बदललं. एकमेकींना टोचतायत का म्हणून दोन दिवस खुर्ची टाकून नुसत्या बसून राहिल्या. कोणी कोणाला टोचत नव्हतं. टोचायला अंगात त्राण तर हवं.

बॅटरीवाले उंबऱ्यावर बसून बघत होते. म्हणाले, "जगाच्या कोंबड्या बऱ्या करतेस आणि घरच्यांपुढे तुझं काही चालेना."

"तुम्ही गप्प बसा हो जरा."

"बसलोय की. बसण्याशिवाय मला येतं काय आता?"

काकूंना हसू आलं, पण ते पुढे टिकलं नाही. छातीच्या हाडावरून बोट फिरवलं की सुरीच्या पात्यावरून फिरवल्यासारखं लागत होतं. शीट हिरवी पडत होती. एका सकाळी 'ही' पंख जमिनीला टेकवून बसली ती उठेचना. काकूंनी तिला चमच्यानं पाणी पाजलं. ती मान वर करायची आणि मान खाली जायची. सव्वीस वर्षांत हाताखालून गेलेले सगळे रोग काकूंनी आठवून पाहिले. एकाचं एक लक्षण जुळायचं, दुसरं जुळायचं नाही. तिसऱ्या दिवशी ती मेली.

काकूंनी तिला पिशवीत घातलं आणि जनावरांच्या दवाखान्यात नेलं. तिथे नवीन डॉक्टरीणबाई आल्या होत्या, छकुलीपेक्षा लहान, केस घट्ट बांधलेल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "काकू, तुम्ही तपासायचं काही शिल्लक ठेवलेलं नाही. आता आत बघू. तुम्हाला थांबायचं असेल तर थांबा."

काकू थांबल्या. कोंबडीचं मांस आटलेलं होतं, काळीज फिकट. कोंबडीला दात नसतात, तिनं गिळलेले खडे पोटातल्या एका जाड पिशवीत दाणे दळतात. डॉक्टरीणबाईंनी ती पिशवी चिरली. आतलं अस्तर हिरवंगार झालेलं. खडे त्यांनी पाण्यानं धुऊन पांढऱ्या ट्रेमध्ये पसरले.

खड्यांमध्ये सात-आठ करडे मणी होते. कडा झिजलेल्या, मधेच चकाकणारे. एक मणी चिमट्यानं दाबला तर चेपला.

"काकू, हे काय असेल? ओळखता का?"

काकूंनी ओळखलं होतं. पळीतून ओतताना शिशाचे थेंब उडतात, खाली पडले की गोल होऊन थिजतात. पस्तीस वर्षं त्यांनी ते झाडले होते. अंगणातून, उंबऱ्यातून, मालकांच्या चपलांतून, शर्टाच्या खिशातून. एका कडेवर छकुली आणि दुसऱ्या हातात झाडू. छकुलीला ते आवडायचे. चांदीचे दाणे म्हणायची ती, बोलत होती तेव्हा.

"नाही," काकू म्हणाल्या. "नाही ओळखत."

"घराजवळ जुन्या बॅटऱ्या, रंगाचं काम, असं काही?"

"नाही हो."

त्या पिशवी उचलून दारापर्यंत गेल्या. पायरी उतरल्या. मग तिथेच उभ्या राहिल्या. आत एक माणूस बकरी घेऊन शिरला, तो बाहेर येईपर्यंत उभ्या होत्या. मग पुन्हा आत गेल्या आणि टेबलाच्या कडेला धरून म्हणाल्या, "शिसं आहे ते. आमच्या मालकांचं काम होतं. घरीच."

डॉक्टरीणबाईंनी हातमोजे काढले. "आजपासून एकही अंडं खायचं नाही. माती, अंडी, हिचं काळीज, सगळं तपासायला पाठवते. आणि घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासून घ्या. घरात लहान मूल आहे का?"

"नाही. मुलगी आहे, एकतीसची."

"जन्मापासून तिथेच राहते?"

काकूंनी होकारार्थी मान हलवली. डॉक्टरीणबाई यावर काही बोलल्या नाहीत. त्यांचं ते न बोलणं काकूंना पुरेसं होतं. कोंबडी हातात घेतल्यावर आपणही असंच गप्प होतो, समोरच्याला कसं सांगावं या विचारात, हे त्यांना ठाऊक होतं.

घरी आल्या तेव्हा छकुली वाटी घेऊन उभी होती. वाटीत दोन अंडी. काकूंनी वाटी घेतली आणि अंडी मोरीत फोडली. छकुलीनं असा आवाज काढला की शिंपीणबाई भिंतीवरून डोकावल्या. "काय झालं हो काकू?" "काही नाही, अंडी नासली," काकू म्हणाल्या.

रक्ताचे रिपोर्ट यायला तीन आठवडे लागले. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तिन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. काकूंच्या रक्तात शिसं होतंच, पण सगळ्यात कमी. मालकांच्या रक्तात खूप, छकुलीच्याही खूप, आणि अंड्यांमुळे ते गेल्या काही महिन्यांत वाढलेलं असणार. औषधानं रक्तातलं थोडं काढता येईल, पण हाडांत मुरलेलं पुन्हा रक्तात उतरत राहतं, असं डॉक्टर म्हणाले.

"आणि तिचं हे," काकूंनी छकुलीकडे बघत विचारलं, "लहानपणी झालं ते? ते यानंच?"

"आज पुराव्यानं सांगता येणार नाही. पण तुम्ही सांगता ती सगळी लक्षणं जुळतात. बोलणं जाणं, पोटदुखी, फिकेपणा."

"तेव्हा कळलं असतं तर?"

डॉक्टरांनी पेनचं टोपण लावलं, काढलं. "मूल तिथून हलवायला सांगितलं असतं. आता डोक्यातलं जे गेलंय ते परत येत नाही, काकू."

बसमध्ये छकुली खिडकीला नाक लावून बसली होती. काकू आपल्या हातांकडे बघत होत्या. इतकी वर्षं घासलेले हात. सासूबाईंचं म्हणणं खोटं निघालं होतं, यानं हलकं वाटायला हवं होतं. पण हातांवरचं ओझं उचललं गेलं ते सरळ घरातल्या दुसऱ्या माणसाच्या माथ्यावर जाऊन बसलं, आणि तो माणूस घरी त्यांची चहासाठी वाट बघत होता.

त्या दिवशी त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी बॅटरीवाल्यांनीच विषय काढला. उंबऱ्यावर बसले होते, लोंबते हात मांडीवर ठेवून.

"कोंबडी कशानं मेली ते अजून सांगितलं नाहीस."

"शिशानं."

त्यांनी अंगणाकडे बघितलं.

"पोरीच्या रक्तातही आहे?"

"आहे. लहानपणी जे झालं तेही त्यानंच, असं म्हणतात."

काकूंना वाटलं होतं, ते नाही म्हणतील. डॉक्टरांना काय कळतं म्हणतील. तसं म्हणाले असते तर त्यांच्यावर ओरडता आलं असतं. पण ते म्हणाले, "मी गोणपाट लावलं होतं."

"काय?"

"शेडच्या दाराला. जुन्या बॅटऱ्या विकायला एक म्हातारा यायचा बघ, दाढीवाला. तो म्हणाला होता, पोरं जवळ येऊ देऊ नकोस, या धुरानं डोकं जातं. मी म्हटलं, धूरच ना, मग अडवू. गोणपाट ओलं करून लावायचो."

काकूंना ते गोणपाट आठवलं. उन्हासाठी लावलंय असं त्यांनी धरलं होतं. वाळलं की त्या स्वतःच त्यावर पाणी शिंपडायच्या.

"कधीची गोष्ट ही?"

"ती रांगत होती."

"मला का नाही सांगितलं?"

"काम बंद कर म्हणाली असतीस."

"म्हणाले असते."

"मग खाल्लं काय असतं आपण?"

"माझा पगार होता," काकू म्हणाल्या.

बॅटरीवाल्यांनी उठायचा प्रयत्न केला. हातांवर भार घेता येईना, ते पुन्हा खाली बसले. एरवी काकूंनी बगलेत हात घालून उठवलं असतं. त्या दिवशी त्या आत निघून गेल्या. ते संध्याकाळपर्यंत तिथेच बसून होते. शेवटी छकुलीनं येऊन त्यांना ओढून उठवलं.

सहा कोंबड्या राहिल्या होत्या. त्या कोणाला द्यायच्या नाहीत, खायच्या नाहीत, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. शिंपीणबाईंना काकू म्हणाल्या, "छकुलीला तासभर घेऊन जा, बटणं निवडायला बसवा." छकुली गेली. काकूंनी एकेक कोंबडी खुराड्यातून काढली, मांडीवर घेतली, मानेवरून हात फिरवला आणि एका झटक्यात मान ओढली. हॅचरीत हे शेकड्यांनी केलं होतं. मास्तरणीला मात्र दोनदा ओढावं लागलं. मग सहाही पिशवीत घालून त्या दवाखान्यात देऊन आल्या.

छकुली परतली ती सरळ खुराड्यापाशी गेली. आत बघितलं, मागे बघितलं. मग वाटी आणून दारात बसली. दुसऱ्या सकाळीही बसली. काकूंनी दुकानातून अंडी आणून तिच्या वाटीत ठेवली. तिनं एक गालाला लावलं आणि ठेवून दिलं. ते फ्रीजमधलं होतं, थंड. पुढे काकू अंडी आधी कोमट पाण्यात ठेवायला लागल्या, तरी तिनं खाल्लं नाही. रोज वाटी घेऊन बसायची, दहा वाजले की उठायची. हे पाच महिने चाललं. मग थांबलं, आणि थांबलं तेव्हा काकूंना आणखी वाईट वाटलं.

मातीचं काय करायचं म्हणून त्या नगरपालिकेत गेल्या. खिडकीतल्या माणसानं मातीचा रिपोर्ट उलटासुलटा करून पाहिला. "माती बदलून मिळण्याचा फॉर्म आमच्याकडे नसतो, बाई." शेवटी गवंडी बोलावून त्यांनी अख्ख्या अंगणावर काँक्रीट ओतून घेतलं. विष खाली तसंच राहिलं, फक्त दिसेनासं झालं. औषधाच्या बाटल्या चढल्या, मालकांच्या रक्तातला आकडा उतरला आणि दोन महिन्यांत परत चढला. छकुलीचा थोडा उतरला. तिच्यात काही फरक पडला नाही. पडणार नव्हताच.

नवराबायकोचं बोलणं 'जेवण वाढलंय' आणि 'औषध घ्या' एवढ्यावर आलं. काकू त्यांचे शर्ट धुवायच्या, त्यांना घास भरवायच्या, कारण चमचा आता धरवत नव्हता. घास देताना त्या भिंतीकडे बघायच्या. एकदा ते म्हणाले, "एकदा काय ते बोलून टाक गं, शिव्या तरी दे." काकूंनी ओठ उघडले. पण इतकी वर्षं मागे जाऊन शिव्या कुठून सुरू करायच्या, हेच त्यांना कळेना. त्यांनी पुढचा घास पुढे केला.

लोक काखेत कोंबड्या घेऊन अजून यायचे. काकू आता हातही लावत नसत. फाटकातूनच म्हणायच्या, "दवाखान्यात न्या. डॉक्टरीणबाई चांगल्या आहेत."

मग एका दुपारी त्यांच्या मनात आलं, आपली शिशाची कढई कुठे गेली? काम थांबवलं तेव्हा मालकांनी कढई, पळी, साचे सगळं एका तरुण माणसाला देऊन टाकलं होतं. तो बाजाराच्या मागे राहायचा. काकू चपला घालून निघाल्या.

घर सापडायला त्रास पडला नाही. मागून धूर येत होता. तरुणानं त्यांना ओळखलं, स्टूल दिलं, बाळ कडेवर घेतलेल्या बायकोला चहा टाकायला सांगितला. काकूंनी सगळं सांगितलं. कोंबड्या, मणी, रक्त, छकुली. गोणपाटाचंही सांगितलं. तो मान डोलावत ऐकत होता, मध्येच कढईखालचा जाळ सारखा करत होता.

"काकू, मी मास्क लावतो ना," तो म्हणाला. "आणि तुमच्या मालकांच्या वेळी माहीत नव्हतं लोकांना. आता काळजी घेतात सगळे." मास्क खुंटीला टांगलेला होता.

"बाळ किती वर्षांचं आहे?"

"दोनचं होईल."

"इथून हलव त्याला."

"कुठे हलवू, काकू? घर एकच आहे."

चहा पिऊन काकू निघाल्या. फाटकापाशी त्याची बायको मागून आली, कडेवर मूल. हळू आवाजात म्हणाली, "काकू, तुम्हाला नुसतं बघून कळतं म्हणतात सगळे. याला जरा बघता का? खात नाही नीट. रडतो सारखा."

काकूंनी मुलाची खालची पापणी बोटानं ओढून पाहिली. आत लाली नव्हती. हिरड्या पाहिल्या. मुलानं त्यांचं बोट चावलं.

"बोलतो का?"

"बोलायचा. आता कमी झालंय. मुलगे उशिराच बोलतात, असं सासूबाई म्हणतात."

"उद्याच्या उद्या रक्त तपासून घे. शिसं तपासा, असं सांग तिथे. नुसतं रक्त तपासा म्हणालीस तर ते तपासणार नाहीत." त्यांनी दवाखान्याचा पत्ता तिच्याकडून कागदावर लिहून घेतला, दोनदा वाचायला लावला. तिनं कागदाची घडी करून मुठीत धरली आणि मागे वळून धुराकडे पाहिलं.

"हे रागावतील."

"रागावू देत."

तिनं मूल दुसऱ्या कडेवर घेतलं आणि ती आत गेली.

आठ दिवसांनी काकू पुन्हा गेल्या. दार बंद होतं, आतून मूल रडत होतं. त्यांनी कडी वाजवली, हाक मारली. रडणं थांबलं, जणू कोणी तोंडावर हात ठेवला. त्या पाव तास उभ्या राहिल्या. मागच्या अंगणात हातोडीनं बॅटरी फोडल्याचा आवाज येत होता. मग समोरच्या घरातली बाई बाहेर आली आणि म्हणाली, "तुम्हाला घरात घ्यायचं नाही म्हणालाय तो. उगाच उन्हात उभ्या राहू नका."

काकू घरी आल्या. मालकांच्या औषधाची वेळ झाली होती.